राखाडी मिशेल ओबामा: एका व्यक्तिचित्राची तपासणी

१२ फेब्रुवारी २०१८. वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत दोन चित्रांवरचे पडदे सरकले. बराक ओबामांचं चित्र केहिंडे वायली यांचं, मिशेल ओबामांचं एमी शेराल्ड यांचं. राष्ट्राध्यक्ष दांपत्याच्या अधिकृत व्यक्तिचित्रांसाठी या संग्रहालयाने कृष्णवर्णीय चित्रकारांना काम देण्याची ही पहिलीच वेळ. बराक ओबामांनी भाषणात गंमत केली, की केसांतला करडेपणा जरा कमी करा म्हणून मी सांगून पाहिलं, पण चित्रकाराने ऐकलं नाही. त्यांच्या केसांपुरता असलेला तो करडा रंग शेजारच्या चित्रात मात्र बाईंच्या कपाळापासून बोटांपर्यंत पसरला होता. संध्याकाळपर्यंत समाजमाध्यमांवर एकच प्रश्न फिरत होता: मिशेलचा रंग कुठे गेला?

प्रश्न खुळा नव्हता. अमेरिकेच्या इतिहासात पहिल्यांदा एक कृष्णवर्णीय बाई राष्ट्राध्यक्षांची पत्नी म्हणून व्हाइट हाउसमध्ये राहिली, आणि तिच्या अधिकृत चित्रात तिची त्वचा चक्क राखाडी. रंगवणारीही कृष्णवर्णीयच, म्हणजे अज्ञानातून झालेली चूक म्हणावी तर तेही बसत नाही. मग हे काय आहे? याचं उत्तर बरेच जण थेट राजकारणात शोधतात. मला ते आधी रंगाच्या पाटीवर शोधावंसं वाटतं, कारण राजकारण जे काही आहे ते तिथूनच वर आलेलं आहे.

आधी चित्र नीट पाहू. सुमारे सहा फूट उंच, पाच फूट रुंद, लिननच्या कापडावर तैलरंग. मागे फिकट निळा रंग, जवळजवळ रिकामा. खोली नाही, पडदा नाही, झेंडा नाही. मिशेल बसलेल्या आहेत, पण कशावर ते दिसत नाही, कारण लांबलचक झगा खाली पसरत जाऊन मोठा त्रिकोण करतो. एका हाताच्या पाठीवर हनुवटी हलकेच टेकलेली, दुसरा हात झग्यावरून आडवा. नखांना फिकट जांभळा रंग. झगा पांढरा, त्यावर काळ्या-करड्या भौमितिक आकृत्या, आणि खालच्या भागात लाल, गुलाबी, पिवळ्याचे तुकडे. चेहरा शांत, हसू नाही. एवढ्या मोठ्या कापडावर चेहऱ्याच्या वाट्याला आलेली जागा मात्र थोडीशीच. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

राख फासण्याची चूक

तैलरंगातल्या व्यक्तिचित्रणाचं जे शास्त्र युरोपात घडलं, ते गोऱ्या कातडीवर घडलं. उजेडाची बाजू उबदार, सावलीची थंड, गालावर आणि कानाच्या पाळीवर लाली, आणि पांढऱ्यात थोडा लाल-पिवळा मिसळून केलेला मूळ मांसल रंग. आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या तैलरंगात ‘फ्लेश टिंट’ नावाची ट्यूब मिळते, आणि लहान मुलांच्या खडूंच्या डबीत फिकट गुलाबी-केशरी खडूला सगळी पोरं ‘स्किन कलर’ म्हणतात. मागणाऱ्या हाताचा रंग त्या खडूशी जुळत नाही, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

सावळी किंवा काळी त्वचा रंगवताना ही रीत उलटीपालटी होते. गोऱ्या त्वचेत उजेड थोडा आत शिरून परत येतो, म्हणून ती मऊ दिसते. गडद त्वचेवर डोळ्याला आधी जाणवते ती पृष्ठभागावरची चकाकी: कपाळ, गालाचं हाड, नाकाचा शेंडा. आणि त्या चकाकीत त्वचेचा स्वतःचा रंग कमी, समोरच्या खिडकीचा किंवा आभाळाचा जास्त. नवशिक्या काय करतो? तपकिरी रंग उजळायला त्यात पांढरा घालतो. झालं! चेहरा खडूसारखा, मेल्यासारखा होतो. मग घाबरून सावलीत काळा घालतो आणि तिथे चिखल होतो. आमचे सर याला ‘राख फासणं’ म्हणायचे. वर्गातलं मॉडेल बहुतेक वेळा सावळंच असायचं, त्यामुळे पहिल्या वर्षी सगळ्यांच्या कॅनव्हासवर राखच असायची.

शेराल्डच्या चित्राकडे पाहताना मला पहिल्यांदा हेच आठवलं. गडद त्वचा रंगवण्यातला सगळ्यात कुप्रसिद्ध दोष तिने दोष म्हणून टाळला नाही. तो उचलला, निवडला, आणि त्याची पद्धत केली.

या निवडीच्या मागे बराच जुना हिशोब आहे. गुलामगिरीतून निसटलेले विचारवंत फ्रेडरिक डग्लस यांनी १८४९ मध्येच लिहिलं होतं, की गोऱ्या चित्रकारांच्या हातून कृष्णवर्णीयांचं निःपक्षपाती चित्र उतरणं अशक्य आहे. ते जे डोक्यात आधीपासून असतं तेच काढतात. डग्लस यांचा भरवसा कॅमेऱ्यावर होता. त्यांनी आयुष्यात दीडशेहून जास्त वेळा स्वतःचे फोटो काढून घेतले. एकोणिसाव्या शतकातल्या कुठल्याही अमेरिकन माणसाचे एवढे फोटो नाहीत. पुढे रंगीत फिल्म आली तेव्हा कॅमेऱ्यानेही दगा दिला. लॅबमध्ये रंग जुळवण्यासाठी ‘शर्ली कार्ड’ नावाचं एक नमुनाचित्र वापरायचे. त्यावर गोरी बाई असायची, आणि तिची त्वचा बरोबर दिसली की रंग बरोबर, असं ठरलेलं. अशा फोटोत गडद चेहरे नुसते काळे डाग होत. कृष्णधवल फोटोत मात्र ते चेहरे तपशिलासकट उतरत होते. हे ध्यानात ठेवा.

करड्यापर्यंतचा रस्ता

शेराल्ड यांचा जन्म १९७३ चा, जॉर्जिया राज्यातल्या कोलंबस गावचा. अटलांटात शिक्षण, मग बाल्टिमोरच्या मेरिलँड इन्स्टिट्यूटमधून २००४ मध्ये पदव्युत्तर पदवी. शिवाय नॉर्वेत ऑड नेर्ड्रुम या चित्रकाराच्या हाताखाली काही काळ. नेर्ड्रुम म्हणजे जुन्या युरोपीय पद्धतीचा कट्टर माणूस. गडद तपकिरी अंधार, जाड रंग, जुन्या गुरूंसारखी त्वचा. ज्या बाईच्या चित्रात आज ना अंधार आहे ना जाड रंग, तिने हे सगळं रीतसर शिकून मग सोडलेलं आहे. येत नाही म्हणून सोडलेलं आणि येत असून सोडलेलं, यातला फरक चित्रात दिसतोच.

नावारूपाला यायला वेळ लागला. अडतिसाव्या वर्षापर्यंत ती हॉटेलात वेट्रेसचं काम करत होती. हृदय निकामी होत चाललं होतं, आणि डिसेंबर २०१२ मध्ये हृदयरोपण झालं. २०१६ मध्ये याच नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीची व्यक्तिचित्र स्पर्धा जिंकणारी ती पहिली स्त्री ठरली. नंतर तिचं आणि वायली यांचं नाव ओबामांनी निवडलं.

करडी त्वचा मात्र त्याच्या कितीतरी आधीची. २००९ च्या एका चित्राचं नावच बोलकं आहे: ‘दे कॉल मी रेडबोन बट आय’ड रादर बी स्ट्रॉबेरी शॉर्टकेक’. ‘रेडबोन’ म्हणजे उजळ वर्णाच्या कृष्णवर्णीय माणसाला त्यांच्यातच वापरला जाणारा शब्द. आपल्याला हे समजावून सांगायला नको. स्थळांच्या जाहिरातीत ‘गोरी’, ‘निमगोरी’, ‘गव्हाळ’, ‘सावळी’ अशी चढती-उतरती फूटपट्टी आपण पिढ्यानपिढ्या छापत आलो आहोत. शेराल्डने ‘रेडबोन’ म्हटलेल्या मुलीला करडी रंगवली आणि फूटपट्टीच हातातून काढून घेतली.

तिने स्वतः सांगितलं आहे, की सुरुवातीला हा निर्णय निव्वळ दृष्टीचा होता. ते छान दिसत होतं म्हणून. नंतर तिच्या लक्षात आलं, की त्वचेचा रंग पाहिल्याबरोबर लोक चित्रातल्या माणसाला सोडून वंशाविषयीच बोलायला लागतात, आणि ते तिला नको होतं. चित्रकारांची अशी कबुली मला आवडते. हात आधी करून बसतो, कारण मागाहून सापडतं. उलट्या क्रमाने सांगणारे बहुतेक थापा मारत असतात.

आणखी एक धागा जुन्या फोटोंचा. आजीचा कृष्णधवल फोटो तिच्या बोलण्यात येतो. तसंच १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी मांडलेले ३६३ फोटोही. जॉर्जियातले कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष, उत्तम कपड्यांत, सरळ कॅमेऱ्याकडे पाहणारे. जगाने त्यांना जसं रंगवलं होतं तसे ते नव्हते, एवढं सांगायला ते फोटो पुरेसे होते. शेराल्डही जॉर्जियाचीच. तिच्या चित्रांतली माणसं त्याच फोटोंतल्यासारखी उभी राहतात: समोर, स्थिर, काही सिद्ध करायची घाई नसलेली.

चित्रकलेच्या भाषेत या पद्धतीला जुनं फ्रेंच नाव आहे, ग्रिझाय. फक्त करड्या छटांत केलेलं काम. बेल्जियममधल्या घेंट गावातल्या, व्हॅन आइक या चित्रकाराच्या १४३२ च्या वेदीचित्रात (चर्चच्या वेदीमागचं दारांचं चित्र) दारं मिटली की बाहेरच्या बाजूला दोन संतांचे करडे पुतळे दिसतात. दगडाचा भास रंगाने केलेला. ग्रिझायचा दुसरा उपयोग जास्त घरगुती: खालचा थर. चित्रकार आधी करड्यात सगळा छायाप्रकाश बसवून घेतो, तो वाळला की त्यावर पारदर्शक रंगांचे पातळ हात देतो. त्वचेला जिवंतपणा येतो तो या वरच्या हातांनी. शेराल्डचं चित्र पाहताना वाटतं, की ती नेमकी या टप्प्यावर थांबली. ज्या थराने झाकलं जायचं तोच वर राहिला. वरचा हात, म्हणजे जिथे ‘वर्ण’ येतो तो, तिने दिलाच नाही.

काळ्यात पिवळा

तिची करडी त्वचा काळा आणि पांढरा मिसळून येत नाही. ती काळ्यात नेपल्स यलो घालते. नेपल्स यलो म्हणजे फिकट, दुधाळ, अपारदर्शक पिवळा; जुन्या काळी शिसे आणि अँटिमनीपासून करत, आता बहुधा इतर रंगद्रव्यं मिसळून तशीच छटा तयार करतात. हा तपशील वाचल्यावर मला राहवलं नाही. स्टीलच्या ताटलीवर आयव्हरी ब्लॅक काढला आणि सुरीच्या टोकाने नेपल्स यलो घालत गेलो.

आयव्हरी ब्लॅक फिकट रंगात मिसळला की किंचित निळ्यासारखा वागतो. त्यात पिवळा पडल्यावर सुरुवातीला शेवाळी झाक येते, आणि क्षणभर वाटतं, फसलं. पिवळा वाढवत गेलं की शेवाळ मागे हटतं आणि एक धुळकट, कोमट करडा उरतो. पांढऱ्याने केलेला करडा सिमेंटसारखा असतो. हा ओल्या मातीची भांडी वाळतात तसा. खरी गंमत पुढे झाली. ताटली निळ्या कार्डपेपरवर ठेवली तर तोच करडा तपकिरीकडे सरकल्यासारखा वाटला. पिवळ्या कागदावर ठेवली तर थंड, शिशासारखा झाला. शेजारचा रंग आपल्या विरुद्ध रंगाची छटा करड्याच्या अंगावर टाकतो, हा जुना नियम. शाळेतल्या रंगचक्रातही असतो. मिशेलच्या चित्रामागे फिकट निळा का, याचं एक उत्तर मला त्या ताटलीत मिळालं. निळा त्या करड्याला उब देतो. त्वचेचा रंग कापडावर लावलेला नाही, तो पाहणाऱ्याच्या डोळ्यात थोडासा तयार होतो.

मोबाइलवर तो का होत नाही, तेही यावरून कळतं. कॅमेऱ्यातली आपोआप रंग जुळवण्याची सोय निळं जास्त दिसलं की उलट्या दिशेने ओढते, दिव्याचा पिवळेपणा दिसला की परत निळ्याकडे. ज्या चित्राचा सगळा खेळ करड्याच्या एका अंश उबेवर चालतो, ते पडद्यापर्यंत येताना दर फोटोत वेगळं होतं. त्या दिवशी ‘रंग कुठे गेला’ विचारणाऱ्या बहुतेकांनी चित्र पडद्यावरच पाहिलेलं होतं.

पोत गेला कुठे

त्वचेतून रंगच काढला तर चेहऱ्याची गोलाई, हाड, मांस सगळं फक्त छायाप्रकाशाच्या पायऱ्यांवर पेलावं लागतं. शेराल्ड त्या पायऱ्याही मोजक्या ठेवते. कुंचल्याचे फटकारे दाखवत नाही, रंगाचे उंचवटे ठेवत नाही. म्हणजे रंग नाही, पोतही नाही. मग डोळ्याने धरायचं काय?

तर कपडा. झगा वेशरचनाकार मिशेल स्मिथ यांच्या ‘मिली’ या नावाखालचा, साध्या सुती पॉपलिनचा. रेशीम नाही, जर नाही. शेराल्डला त्यातल्या आकृत्यांत एकीकडे चौकटी-रेघांची चित्रं काढणारा डच चित्रकार मॉन्ड्रियान दिसला आणि दुसरीकडे जी’ज बेंडच्या गोधड्या. जी’ज बेंड हे अलाबामातलं नदीच्या वळणावरचं गाव. तिथल्या मळ्यावर राबणाऱ्या गुलामांच्या लेकी-नाती पिढ्यानपिढ्या जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. फाटलेल्या विजारीचा गुडघा, पोत्याचा तुकडा, आणि त्यातून अशी धीट मांडणी, की पुढे मोठ्या संग्रहालयांनी त्या भिंतीवर लावल्या. (आपल्याला याचं सगेसोयरं लांब शोधायला नको. उत्तर कन्नडमधले सिद्दी, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले आणि ज्यांच्या कोकणीत मराठीचीही भर आहे, त्यांच्या बायका ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात. जी’ज बेंडच्या गोधडीशेजारी कवंदी ठेवली तर समुद्र मध्ये असल्यासारखं वाटत नाही.)

झग्याला घड्या आहेत, पण त्या आकृत्यांना पूर्ण वाकवत नाहीत. कापड थोडं कापड राहतं, थोडं भिंतीवर लावलेली गोधडी होतं. त्यामुळे वंशाची जी गोष्ट त्वचा सांगायची, ती इथे कापडाकडे गेली आहे. आणि कापड ती जास्त नेमकी सांगतं. तपकिरी रंग फक्त ‘कृष्णवर्णीय’ एवढंच म्हणेल; ही आकृती दक्षिणेतल्या बायकांच्या हातांकडे बोट दाखवते.

याच काळातले दुसरे चित्रकार हाच प्रश्न कसा सोडवतात ते शेजारी ठेवलं, की शेराल्डच्या निवडीची किंमत कळते. वायली यांनी त्याच दिवशी दाखवलेलं बराक ओबामांचं चित्र घ्या: पानांची दाट भिंत, त्यात शिकागोची शेवंती, हवाईची जाई, केनियासाठी निळ्या आफ्रिकन लिली; आणि चेहरा-हात तपकिरीच्या अनेक छटांत, चकाकीसकट, जुन्या दरबारी चित्रांच्या थाटात. युरोपीय तंत्र आहे तसं घ्यायचं आणि त्यात गडद त्वचा राजासारखी बसवायची, ही त्यांची रीत.

केरी जेम्स मार्शल दुसऱ्या टोकाला जातात. १९८० मध्ये त्यांनी अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगाने वहीच्या पानाएवढं एक आत्मचित्र केलं. काळ्यावर काळं, फक्त डोळे, फट असलेले दात आणि सदऱ्याचा पांढरा तुकडा दिसणारं. तिथून पुढे त्यांनी काळ्यालाच रंग मानलं. हाडांचा काळा, काजळीचा काळा, लोहाचा काळा, असे तीन वेगळे काळे. त्यांत कोबाल्ट निळा, क्रोमचा हिरवा, गडद जांभळा मिसळून काळ्याच्या कितीतरी जाती. समोर उभं राहिल्यावर काळ्यातून चेहरा हळूहळू वर येतो. मार्शलनी त्वचा तपकिरी न ठेवता पूर्ण काळी केली, शेराल्डने करडी. दोघांनीही निसर्गातला रंग नाकारला, पण एकाने आवाज पूर्ण चढवून, दुसरीने बंद करून. बार्कली हेंड्रिक्स (१९४५–२०१७) हे दोघांचेही पूर्वज म्हणता येतील. ते आकृती तैलरंगात करायचे आणि मागची सपाट जागा अॅक्रिलिकमध्ये, त्यामुळे माणूस चमकतो आणि भिंत मंद राहते. पोताचा फरक दोन रंगमाध्यमांतूनच येतो. शेराल्डच्या रिकाम्या पार्श्वभूमीत हेंड्रिक्स आहेतच.

आणि घानाचा अमोआको बोआफो तर त्वचेपुरता कुंचलाच बाजूला ठेवतो. कपडे आणि मागची जागा सपाट, काही वेळा आकृतीचा कागद छापून उतरवलेली. चेहरा आणि हात मात्र बोटांनी. रंगाच्या वळवळत्या रेघा, तपकिरी, निळा, पिवळा एकमेकांत पूर्ण न मिसळता. व्हिएन्नात शिकताना ऑस्ट्रियन चित्रकार एगॉन शीलेच्या गाठाळ देहांचा परिणाम त्याच्यावर झाला. बोटाने रंगवताना नेमकेपणा हातातून थोडा निसटतो, आणि बोआफोला तेच हवं असतं. त्याच्या चित्रात त्वचा हा सगळ्यात गजबजलेला भाग. शेराल्डच्या चित्रात सगळ्यात शांत. दोघेही त्वचा आणि भोवताल यांच्यात पोताची फाळणी करतात, फक्त बाजू उलट्या. बाजाराने बोआफोची ही बोटं फार पटकन उचलली: २०२० च्या फेब्रुवारीत लंडनच्या लिलावात तीस ते पन्नास हजार पौंडांचा अंदाज असलेलं त्याचं ‘द लेमन बेदिंग सूट’ ६ लाख ७५ हजार पौंडांना गेलं. पोत इतका ओळखीचा झाला की तो सहीसारखा विकला जातो. शेराल्डच्या करड्यालाही तोच धोका आहे, आणि तिच्या अलीकडच्या काही चित्रांत करडा मला सवयीचा वाटतो.

चेहरा जमला का?

दुसरी तक्रार होती, की ती मिशेलसारखी दिसतच नाही. चित्राच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ही तक्रार अडाणीपणाची ठरवली. मला ती निम्मी खरी वाटते.

मिशेल ओबामांचा चेहरा लोकांना आठ वर्षं टीव्हीवर रोज दिसत होता, आणि तो बहुतेक वेळा हसरा, बोलता, हलता. ओळख पटवणारं बरंच काही त्या हालचालीत, त्वचेच्या उबदार तपकिरीत आणि चकाकीत होतं. शेराल्डने तिन्ही काढून घेतलं. उरलं हाडांचं मोजमाप आणि नजर. वर सांगितलं तसं, कापडाचा डोंगर मोठा आणि चेहरा लहान. दुरून पाहणाऱ्याला आधी झगा भेटतो, बाई नंतर. शिवाय शेराल्डची सगळी माणसं एकाच ठेवणीत पाहतात. ती रस्त्यात दिसलेल्या अनोळखी माणसांना बोलावते, कपडे निवडते, फोटो काढते, मग रंगवते. ते लोक कोण आहेत हे आपल्याला ठाऊक नसतं, त्यामुळे साम्याचा प्रश्न येत नाही. मिशेलच्या बाबतीत तीच पद्धत जशीच्या तशी वापरली गेली आणि जगातला सर्वात ओळखीचा एक चेहरा अनोळखी माणसाच्या साच्यात बसला. शेराल्डला कदाचित हेच हवं होतं. पण अधिकृत व्यक्तिचित्राकडून लोकांची अपेक्षा ओळखीची असते, आणि ती पुरी झाली नाही म्हणून त्यांना रागे भरण्यात अर्थ नाही.

गर्दीने मात्र काही वेगळंच केलं. चित्र पाहायला इतके लोक आले, की ते तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या दालनात हलवावं लागलं. त्या वर्षी संग्रहालयाला वीस लाखांहून जास्त लोकांनी भेट दिली, आधीच्या कुठल्याही वर्षापेक्षा कितीतरी अधिक. मार्चच्या सुरुवातीला दोन वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीचा फोटो जगभर गेला: चित्रासमोर मान वर करून, तोंड उघडं टाकून उभी. तिच्या आईने सांगितलं, की पोरीला ती राणी वाटली. पोरीच्या उंचीवरून पाहिलं तर समोर आधी झग्याचा प्रचंड त्रिकोण येतो आणि चेहरा फार वर, जवळजवळ आभाळात. ज्या मांडणीने मोठ्यांची अडचण केली तिनेच तिचं काम केलं असावं.

२०२० मध्ये शेराल्डला एक अगदी वेगळं काम आलं. लुइव्हिल शहरात पोलिसांनी मध्यरात्री घरात घुसून गोळ्या घातलेल्या ब्रिऑना टेलर या सव्वीस वर्षांच्या तरुणीचं चित्र, ‘व्हॅनिटी फेअर’च्या सप्टेंबर अंकाच्या मुखपृष्ठासाठी. आता जिचं चित्र, तीच समोर बसू शकत नव्हती. नेहमी ती जिवंत माणसाला बोलावून उजेडात उभं करते. इथे तिने ब्रिऑनासारख्या अंगयष्टीची एक तरुणी शोधली. बोटात ती अंगठी रंगवली, जी देऊन ब्रिऑनाचा मित्र तिला मागणी घालणार होता. त्वचा करडीच. पण मागची जागा पिरोजी आणि अंगावरचा झगाही पिरोजीच, म्हणजे चेहरा आणि हात सोडले तर सगळं चित्र एका रंगाचं. पुढे हे चित्र लुइव्हिलच्या स्पीड आर्ट म्युझियमने आणि वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयाने मिळून घेतलं.

छापलेलं ते मुखपृष्ठ मी ताटलीतल्या वाळत आलेल्या करड्याशेजारी ठेवून पाहिलं. मग दुकानातून पिरोजी कार्डपेपर आणला आणि तोच रंग त्यावर बोटभर ओढला. निळ्यावर तो तपकिरी वाटला होता. पिरोजीवर त्यात लाली आली. फार नाही, ताप उतरल्यावर गालावर राहते तेवढी.